सरंजाम, वहिवाट आणि न्यायनिर्णय : दादरा-नगरहवेलीच्या खटल्यातील दोन शासनांचे वर्तन

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निर्णय लागल्यानंतर शासने त्यास कसा प्रतिसाद देतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः पालन आणि उल्लंघन या दोन शब्दांत आटोपले जाते. देशांतर्गत न्यायालयांच्या बाबतीत ही विभागणी पुष्कळ अंशी पुरी पडते. कारण तेथे निकालाच्या पाठीशी बेलीफ असतो, जप्तीचा हुकूम असतो आणि अखेरीस पोलिसांचे बळ असते. हेग येथील न्यायालयाजवळ यांपैकी काहीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ९४ वे कलम पक्षकार राष्ट्रावर निर्णय पाळण्याचे बंधन घालते, आणि ते न पाळल्यास विरुद्ध पक्षास सुरक्षा समितीकडे जाण्याची मुभा देते. सुरक्षा समितीत पाच राष्ट्रांना नकाराधिकार असल्यामुळे ही मुभा कित्येकदा कागदावरच राहते. अशा स्थितीत कायद्याचे राज्य राष्ट्राराष्ट्रांमध्ये कशाच्या आधारे टिकते, हे पाहावयाचे तर निर्णयाआधी आणि निर्णयानंतर शासने काय बोलतात व काय करतात याचा तपशिलाने विचार करावा लागतो.

पालन आणि उल्लंघन यांची ठळक उदाहरणे इतिहासात आहेतच. प्रेआ विहिअर येथील देवालय कंबोडियाच्या हद्दीत येते असा निर्णय १९६२ मध्ये लागला, तेव्हा थायलंडने निषेध नोंदविला, परंतु आपले शिपाई तेथून मागे घेतले. याच्या उलट, कॉर्फू सामुद्रधुनीच्या प्रकरणी ब्रिटनला द्यावयाची भरपाई १९४९ मध्ये ठरली असता अल्बानियाने ती चार दशके दिली नाही. अखेर १९९२ मध्ये उभयपक्षी समझोता झाला. निकाराग्वाच्या प्रकरणात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९८५ मध्ये प्रथम सुनावणीतून अंग काढून घेतले, त्याच वर्षी न्यायालयाच्या अनिवार्य अधिकारक्षेत्राला दिलेली मान्यताही परत घेतली, आणि १९८६ चा प्रतिकूल निर्णय सुरक्षा समितीत नकाराधिकाराने थोपवून धरला.

परंतु १२ एप्रिल १९६० रोजी ज्याचा निर्णय लागला तो पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. येथे दोन्ही शासनांनी निर्णय मान्य केला, दोघांनीही तो आपल्या बाजूचा मानला, आणि त्यात मान्य झालेला हक्क प्रत्यक्षात एक दिवसही बजावला गेला नाही. असे का घडले याचे मूळ बऱ्याच अंशी शब्दांत आहे, आणि त्यांतील महत्त्वाचे शब्द अठराव्या शतकातील दरबारी मराठीचे आहेत. म्हणून हा खटला केवळ विधिशास्त्राचा विषय नसून मराठीच्या अभ्यासकांचाही विषय ठरतो.

१. प्रदेश आणि तह

दमण हे पोर्तुगीजांचे किनाऱ्यावरील ठाणे. त्याच्या पूर्वेस, दमणगंगेच्या खोऱ्यात, दादरा आणि नगरहवेली हे दोन लहान प्रदेश आहेत. दोहोंच्या सभोवार तेव्हाच्या मुंबई राज्याची भूमी होती. दमणहून दादऱ्यास अथवा नगरहवेलीस जावयाचे, किंवा दादऱ्याहून नगरहवेलीस जावयाचे, तर भारताच्या भूमीवरून गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. रहिवासी मुख्यतः वारली, धोडिया, कोकणा इत्यादी आदिवासी जमातींचे होते.

हे प्रदेश पोर्तुगीजांकडे आले ते पुणे दरबाराशी झालेल्या १७७९ च्या तहामुळे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर उत्तर कोकणात पोर्तुगीजांचे बळ खचले होते. दमण मात्र त्यांच्याकडे राहिले होते. पुढे इंग्रजांनी साष्टी घेतली, पुणेकर आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांनी इंग्रजांस मिळू नये ही पुणे दरबाराची निकड बनली. मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे जहाज धरल्याबद्दलच्या भरपाईचा प्रश्नही शिल्लक होता. सवाई माधवरावांच्या नावाने चाललेल्या कारभारात हा तह ठरला. त्याच्या सतराव्या कलमान्वये पोर्तुगीजांना सालीना बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचे गाव द्यावयाचे होते. ते प्रत्यक्षात १७८३ आणि १७८५ या सालांच्या दोन सनदांनी देण्यात आले.

पावणेदोनशे वर्षांनंतर हेग येथे प्रश्न उभा राहिला तो असा : पुणे दरबाराने पोर्तुगीजांना नेमके काय दिले? गाव दिले, की गावांचा वसूल दिला?

२. शब्दांचा प्रश्न

पोर्तुगालचे म्हणणे असे की, तहाने आणि सनदांनी या गावांचे सार्वभौमत्व पोर्तुगालकडे आले, आणि ज्याअर्थी सार्वभौमत्व दिले त्याअर्थी तेथवर पोहोचण्याची वाटही दिली. भारताने दोन पातळ्यांवर उत्तर दिले. एक, तह विधिवत पुरा झालाच नाही, कारण त्याच्या उपलब्ध प्रतींचे पाठ परस्परांशी जुळत नाहीत आणि उभयपक्षांनी प्रमाण मानलेला एकही पाठ नाही. दोन, तह झाला असे मानले तरी जे दिले ती केवळ जहागीर अथवा सरंजाम होता, म्हणजे वसुलाची नेमणूक होती.

या दोन शब्दांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. ‘जहागीर’ हा फारसी समास असून त्यात ‘जागा’ आणि ‘धरणे’ या दोन अर्थांचे घटक आहेत. ‘सरंजाम’ हाही फारसीच. त्याचा मूळ अर्थ सिद्धता, सामग्री, व्यवस्था असा आहे, आणि आजही ‘लग्नाचा सरंजाम’ या प्रयोगात तो मराठीत जिवंत आहे. राज्यकारभाराच्या परिभाषेत मात्र फौजेच्या अथवा सेवेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल म्हणजे सरंजाम. सरदाराकडे सरंजामी गावे असत. तो तेथे कमावीसदार नेमी, वसूल घेई, बंदोबस्त राखी. परंतु गाव सरकारचे, ही जाणीव कधी लोपत नसे, आणि सेवा चुकली तर सरंजाम जप्त होई. इनाम आणि सरंजाम यांतला भेदही दरबारी लेखकांस पुरता ठाऊक होता. इनाम वंशपरंपरेने चालविण्याचा असेल तर सनदेत तसे स्पष्ट लिहिले जाई, आणि कोणत्या बाबी देणगीत आल्या व कोणत्या वगळल्या याची फोड केली जाई. सनदेतील शब्दांची ही काटेकोरी म्हणजे लेखकूंची हौस नव्हती. पुढे तंटा उभा राहिला असता निवाडा त्या शब्दांवरच होणार, हे ती जाणत होती.

याच्या जोडीला दुसऱ्या बाजूचा शब्द ठेवून पाहावा. ‘सार्वभौमत्व’ हा आजच्या अर्थाने मराठीत रुळलेला शब्द आधुनिक राज्यशास्त्राचा आहे. जुन्या वाङ्मयात ‘सार्वभौम’ म्हणजे सर्व भूमीचा स्वामी, चक्रवर्ती राजा. दोन-चार गावांच्या संबंधात तो वापरला असता तर वाचणारास हसू आले असते. शिवाय अठराव्या शतकातील सत्तेची मांडणीच थरांची होती. पेशवा सातारच्या छत्रपतींचा प्रधान, छत्रपतींकडील चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीच्या बादशहाकडून आलेल्या, आणि पेशव्यांच्या हाताखाली सरंजामदारांची उतरंड. अशा व्यवस्थेत ‘हा प्रदेश कोणाच्या सार्वभौमत्वाखाली?’ या प्रश्नास एका शब्दाचे उत्तर नव्हते. ‘अंमल कोणाचा?’, ‘वसूल कोणाचा?’, ‘हक्क कोणाचे?’ हे तीन वेगळे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे तीन वेगळी असू शकत.

न्यायालयाने या बाबतीत जो मार्ग काढला तो भाषेच्या अभ्यासकास पटण्यासारखा आहे. तहाच्या प्रतींमधील विसंगतीवर त्याने खटल्याचा निकाल टांगला नाही. त्या काळच्या हिंदुस्थानातील तहाची वैधता पुढील काळात घडत गेलेल्या पद्धतींनी जोखू नये, मराठ्यांनी स्वतः तो तह बंधनकारक मानला होता एवढे पुरे, असे त्याने म्हटले. मात्र सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ पाहता त्यातील भाषा सार्वभौमत्व देण्याच्या हेतूची आहे असे न्यायालयास म्हणता येईना. मराठ्यांनी केलेल्या दुसऱ्या तहांत, जेथे मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा होता तेथे, तसे दाखविणारे निरंतरतेचे शब्द आले आहेत. येथे ते नाहीत. सनदांतील शब्द तर वसुलाच्या नेमणुकीचेच आहेत. पोर्तुगालने असाही मुद्दा मांडला होता की, गावांतील बंडावा मोडण्याचा अधिकार सनदेने दिला, तेव्हा सत्ताही दिली असली पाहिजे. न्यायालयाने तो उलटा फिरविला. प्रदेश पोर्तुगीजांचाच झाला असता तर स्वतःच्या प्रदेशातील बंड मोडण्यास दुसऱ्याची परवानगी कशाला हवी होती? ज्या अर्थी परवानगी लिहून द्यावी लागली, त्या अर्थी मालकी देणाराकडेच राहिली.

म्हणजे पुणे दरबाराच्या लेखकांनी वापरलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनंतर, ज्या न्यायालयात कोणाची मातृभाषा क्वचितच मराठी असेल अशा न्यायालयात, त्याच्या मूळ अर्थाने ग्राह्य धरला गेला. भारताच्या बाजूचा हा मोठा विजय होता. पण खटला एवढ्यावर संपला नाही.

३. वहिवाट

१८१८ नंतर इंग्रज या मुलखाचे धनी झाले, तेव्हा त्यांना पोर्तुगीज या गावांत संपूर्ण कारभार करताना आढळले. इंग्रजांनी मराठ्यांचे वारस या नात्याने गावांवर दावा सांगितला नाही. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व शब्दांनी मान्यही केले नाही. त्यांनी जे होते ते चालू दिले. न्यायालयाच्या मते या मौनातून आणि प्रत्यक्ष वर्तनातून पोर्तुगालच्या सत्तेस मान्यता मिळाली, आणि १९४७ नंतर भारतानेही ती मौनाने पुढे चालविली. सरंजाम म्हणून दिलेले गाव दीर्घकालीन उपेक्षेने परकी प्रदेश बनले.

वाटेच्या हक्काचेही तसेच झाले. सव्वाशेहून अधिक वर्षे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची दमण आणि या प्रदेशांमधील ये-जा विनाअडथळा चालली होती. इतकी दीर्घ आणि एकसारखी प्रथा दोन राष्ट्रांपुरतीही रूढी निर्माण करू शकते, रूढीसाठी दोहोंपेक्षा अधिक राष्ट्रे हवीत असे नाही, हा या निर्णयातील विधिशास्त्रदृष्ट्या नवा आणि पुढे अनेकदा आधारास घेतला गेलेला सिद्धांत होय. मराठी वाचकास यासाठी नवा शब्द शोधण्याचे कारण नाही. ‘वहिवाट’ या शब्दात उपभोगाची दीर्घ प्रथा आणि वाट हे दोन्ही ऐकू येतात. शेतात जाण्याची वाट अडविली म्हणून होणारे तंटे आणि त्यांसाठी मामलेदाराकडे दाद मागण्याची १९०६ च्या कायद्याने दिलेली सोय ही खेड्यातील सर्वांच्या ओळखीची आहे. हेग येथील न्यायासनासमोर असाच वाद दोन राष्ट्रांच्या आकाराने उभा होता.

सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांची गोष्ट मात्र निराळी होती. १८७८ च्या तहाने एका सरकारच्या सशस्त्र दलांचा दुसऱ्याच्या हद्दीतील प्रवेश रीतसर विनंतीवर अवलंबून ठेवला होता, आणि त्यानंतर परवानगी घेऊनच अशी दले जात. जेथे प्रत्येक वेळी परवानगी लागते तेथे हक्क नसतो, हे न्यायालयाने मान्य केले.

४. खटला आणि निर्णय

दादऱ्यातील पोर्तुगीज अंमल २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री उलथला. पाठोपाठ नरोली व २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. या कार्यात गोमंतकीय संघटनांचे कार्यकर्ते होते, तसेच महाराष्ट्रातून गेलेले तरुण स्वयंसेवकही होते; संगीतकार सुधीर फडके यांचे नाव त्यांत सर्वपरिचित आहे. पोर्तुगालने दमणहून आपले प्रतिनिधी व सशस्त्र दले पाठविण्यास वाट मागितली. सभोवारच्या भारतीय प्रदेशातील तणावाचे कारण देऊन भारताने ती नाकारली. त्यानंतर पोर्तुगीज अंमलदार तेथे परतले नाहीत.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. १९ डिसेंबर रोजी त्याने न्यायालयाचे अनिवार्य अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ डिसेंबर रोजी भारताविरुद्ध दावा दाखल केला. भारताच्या १९४० सालच्या मान्यतेचा आधार घेऊन हे करण्यात आले होते. प्राथमिक आक्षेपांवरील निर्णय २६ नोव्हेंबर १९५७ रोजी लागला. त्यात भारताचे चार आक्षेप फेटाळले गेले व दोन मुख्य सुनावणीस जोडले गेले. पुढे तेही फेटाळले गेले. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखाली मांडली गेली; भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला हे होते. त्यांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले.

मुख्य निर्णयाचे तीन भाग पडतात. पोर्तुगालला १९५४ मध्ये खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता, भारताच्या नियमन व नियंत्रणाच्या अधीन राहून, वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र दले व शस्त्रे यांच्यापुरता असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि भारताने आपल्या बंधनाचा भंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. तणावाच्या काळात वाट बंद करणे नियमनाच्या अधिकारात बसते, हे तिसऱ्या भागाचे कारण होते.

पहिल्या भागातील ‘१९५४ मध्ये हक्क होता’ ही शब्दयोजना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. क्रियापद भूतकाळी आहे आणि काळ सालाने बांधलेला आहे. तो हक्क १९६० मध्येही आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही, आणि भारताने पुढे अमुक करावे अशी आज्ञाही दिली नाही.

५. दोन वाचने

या भूतकाळी क्रियापदाचे दोन राजधान्यांत दोन अर्थ झाले. लिस्बनमध्ये भर दिला गेला तो सार्वभौमत्वावर. जगाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रदेश पोर्तुगालचे असल्याचे मानले, म्हणून भारताचा पाठिंबा असलेली तेथील सत्ता बेकायदा, असे हे वाचन. दिल्लीत भर दिला गेला तो तिसऱ्या भागावर. भारताने काहीही गैर केले नाही, पोर्तुगालला सैन्य नेण्याचा हक्क कधीच नव्हता, आणि जो हक्क होता तोही भारताच्या नियंत्रणाखालचा, असे हे दुसरे वाचन. दोन्ही वाचने निर्णयाच्या शब्दांत बसत होती. म्हणूनच निर्णय धुडकावण्याची गरज कोणासच भासली नाही.

परंतु भारताच्या शासनाच्या खऱ्या प्रतिसादाचा शोध निर्णयाच्या दिवशी घेऊन चालणार नाही. तो त्याआधीच सुरू झाला होता, आणि दोन दिशांनी चालला होता.

पहिली दिशा संयमाची. १९५४ ते १९६१ या काळात दादरा आणि नगरहवेली येथील कारभार वरिष्ठ पंचायतीच्या नावाने चालला. भारताने माणसे दिली, मदत दिली, परंतु हा प्रदेश आपल्या संघराज्यात सामील करून घेतला नाही. खटला न्यायप्रविष्ट असता तसे करणे अनुचित ठरले असते. त्यामुळे सात वर्षे हा भूभाग कोणत्याच राष्ट्राच्या नकाशात निःसंदिग्धपणे नव्हता. कायद्याच्या राज्याची किंमत मोजली जाते ती बहुधा अशा अनिश्चिततेच्या रूपाने, आणि ती मोजणारी माणसे बहुधा खटल्यात पक्षकार नसतात. हेग येथे दोन राष्ट्रे बोलत होती. वरिष्ठ पंचायतीस, किंवा ज्यांच्या गावांविषयी वाद चालला होता त्या वारली-कोकणांना, तेथे बोलण्यास जागा नव्हती. हा न्यायालयाच्या घटनेचा दोष म्हणता येईल. न्यायाधीशांचा म्हणता येणार नाही.

दुसरी दिशा सावधगिरीची. पोर्तुगालने दावा दाखल केल्यानंतर पंधरवडाभरात, ७ जानेवारी १९५६ रोजी, भारताने आपली १९४० ची मान्यता बदलून नवी दिली, आणि तीत कोणती बाब अंतर्गत आहे हे ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. १४ सप्टेंबर १९५९ रोजी पुन्हा नवी मान्यता देण्यात आली व ही स्वयंनिर्णयाची अट वगळली गेली. १८ सप्टेंबर १९७४ च्या मान्यतेत मात्र अशी अट होती की, विरुद्ध पक्षाने न्यायालयाची मान्यता दावा दाखल करण्याच्या आधी बारा महिन्यांच्या आत दिली असेल तर तो वाद भारतास बंधनकारक नाही. तीन दिवसांच्या अंतराने मान्यता आणि दावा दाखल करण्याचा जो अनुभव १९५५ च्या डिसेंबरात आला, त्याची सावली या अटीवर स्पष्ट दिसते. शासन निर्णय पाळते आणि त्याच वेळी तसा निर्णय पुन्हा लागू नये याची तजवीज करते. या दोन्ही क्रिया एकाच प्रतिसादाची अंगे होत. दारातून आलेला पाहुणा सन्मानाने निरोप देऊन पाठवावा आणि मग दाराला कडी लावावी, असाच हा व्यवहार होता.

६. निर्णयानंतरची वीस महिने

एप्रिल १९६० नंतर परिस्थिती झपाट्याने पालटली, आणि ती पालटली शब्दांच्याच क्षेत्रात. १९५१ च्या घटनादुरुस्तीने पोर्तुगालने आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले होते. त्यामुळे या प्रदेशांविषयी संयुक्त राष्ट्रांस माहिती देण्याचे बंधन आपल्यावर नाही, कारण प्रांत हा राष्ट्राचाच भाग असतो, असे त्याचे म्हणणे होते. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची नावानिशी यादी करून ते स्वयंशासित नसल्याचे ठरविले. गोवा आणि त्याचे उपप्रदेश त्या यादीत होते. ‘प्रांत’ हा शब्द जगाने नाकारला. आठ महिन्यांपूर्वी न्यायालयाने सार्वभौमत्वाचा जो अर्थ गृहीत धरला होता, त्याचा राजकीय आधार अशा रीतीने ढासळला. न्यायालयाचा निर्णय चूक ठरला असे नव्हे. त्याने १९५४ सालाविषयी सांगितले होते, आणि जग १९६० मध्ये आले होते.

वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाची मागणी केली. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलानी यांना करारावर सही करण्यासाठी एका दिवसापुरते त्या प्रदेशाचे प्रधानमंत्री करण्यात आले. ११ ऑगस्ट १९६१ पासून, घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने, दादरा आणि नगरहवेली हा संघराज्यक्षेत्राचा भाग बनला. एका दिवसाचा प्रधानमंत्री नेमण्याच्या या कृतीकडे हास्यास्पद म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु बारकाईने पाहता तिच्यात कायद्याविषयीचा एक प्रकारचा आदरच दिसतो. प्रदेश नुसता घेतला जाऊ नये, कोणीतरी तो दिला पाहिजे, आणि देणाराची सही कागदावर पाहिजे, ही जाणीव पुणे दरबाराच्या सनदलेखकांना जितकी होती तितकीच दिल्लीच्या सचिवालयालाही होती.

१८ आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव घेतले. पोर्तुगालने सुरक्षा समितीत दाद मागितली. भारतास माघार घेण्यास सांगणाऱ्या ठरावास सात विरुद्ध चार मते पडली व सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी तेथे मांडलेला युक्तिवाद हेग येथील युक्तिवादाहून अगदी निराळा होता. हेग येथे भारत जुन्या सनदांच्या शब्दांवर उभा होता. न्यूयॉर्क येथे तो म्हणत होता की वसाहतीला कायदेशीर सरहद्दच नसते. वीस महिन्यांच्या आत एकाच शासनाने दोन व्यासपीठांवर कायद्याच्या दोन भाषा वापरल्या. टीकाकारांनी याला दुटप्पीपणा म्हटले. इतिहासकाराने येथे प्रामाणिकपणे म्हणावयास हवे की, पहिल्या भाषेचा उपयोग झाला तोवर भारताने ती वापरली, आणि ती जेथे थांबली तेथून पुढे दुसरी वापरली. वसाहतवादाविरुद्धची दुसरी भाषा नैतिक दृष्ट्या अधिक सबळ होती. तरी बळाचा वापर न करण्याची जी सनद भारताने स्वतः उचलून धरली होती, तिच्याशी तिचा मेळ बसविणे सोपे नव्हते, आणि अनेक मित्रराष्ट्रांनी ते त्या वेळी बोलून दाखविले.

७. अखेरचा शब्द

पोर्तुगालमध्ये १९७४ च्या एप्रिलात सत्तांतर झाले आणि वसाहतवादी धोरण कोसळले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे उभय राष्ट्रांत तह झाला. त्यात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. ही मान्यता मागील काळापासून होती, पण कोणत्या दिवसापासून? तहाचे उत्तर असे : भारताच्या घटनेनुसार हे प्रदेश ज्या ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या त्या तारखांपासून.

दादरा आणि नगरहवेली यांच्यापुरती ती तारीख म्हणजे ११ ऑगस्ट १९६१. जुलै-ऑगस्ट १९५४ नव्हे. या शब्दयोजनेत हेगचा निर्णय कोठेही नावाने येत नाही. परंतु तिने त्यास धक्काही लावला नाही. ‘१९५४ मध्ये हक्क होता’ हे न्यायालयाचे वाक्य आणि ‘१९६१ पासून सार्वभौमत्व भारताचे’ हे तहाचे वाक्य शेजारी शेजारी ठेवले तर त्यांत विसंगती आढळत नाही. ज्या भूतकाळी क्रियापदाचे दोन शासनांनी १९६० मध्ये दोन अर्थ केले, त्याचा दोघांनाही मान्य असा एक अर्थ चौदा वर्षांनी एका तारखेच्या रूपाने ठरला. निर्णयास दिलेला शासनांचा प्रतिसाद पूर्ण झाला तो येथे.

यावरून असे म्हणता येईल की, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निर्णय हा हुकूमनामा असण्यापेक्षा पुढील व्यवहाराची परिभाषा घालून देणारा लेख असतो. सत्तेचा तोल कोणीकडे झुकतो हे तो ठरवू शकत नाही. परंतु सत्तेने कोणते शब्द वापरून झुकावे यावर त्याचा अंमल चालतो. दादरा-नगरहवेलीच्या बाबतीत पोर्तुगालचा हक्क कोणत्याही निर्णयाने वाचणार नव्हता. तरीही सात वर्षे विलीनीकरण थांबले, देणारा आणि घेणारा यांच्या सह्या झाल्या, आणि तहातील तारीख जपून लिहिली गेली, या गोष्टी त्या निर्णयाच्या छायेत घडल्या.

तहाच्या या व्यवस्थेत एक काळ मात्र निराधार राहिला. ऑगस्ट १९५४ ते ऑगस्ट १९६१ या सात वर्षांत तेथील सार्वभौमत्व कोणाचे, याचे उत्तर न्यायालयाने दिले नाही आणि तहानेही दिले नाही. त्या सात वर्षांत गावे होती, शेते होती, वसूल होता, पंचायत होती आणि अंमलही होता. पुणे दरबाराच्या लेखकास या स्थितीचे वर्णन करताना अडचण पडली नसती. अंमल कोणाचा आणि वसूल कोणाचा हे त्याने वेगवेगळे लिहिले असते. आधुनिक राष्ट्रांच्या भाषेत मात्र त्या काळासाठी अद्याप शब्द नाही.